अर्धा आत, अर्धा रस्त्यावर

सोमवार, ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पोस्टमनने ते माझ्या डाव्या हातात दिले, आणि हे उत्तर मी उजव्या हाताने लिहितो आहे. दोन्ही हातांच्या मध्ये सध्या चर्चची भिंत आहे. घाबरू नकोस, प्रकृती उत्तम आहे, भूकही चांगली लागते. फक्त दारात अडकलो आहे.

क्रमाने सांगतो, नाहीतर म्हणशील मास्तरकी सुटली तरी पाल्हाळ सुटला नाही. आमच्या चर्चला दोन दारे आहेत, तुला आठवत असतील. एक रुंद, एक अरुंद. ज्यांनी चर्च बांधले ते मूळपुरुष शास्त्राच्या शब्दाला फार चिकटून असत. तारणाचा दरवाजा अरुंद आहे असे प्रभूने सांगितले आहे ना, मग आमचाही अरुंदच, असे म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगाचे माप दिले आणि गवंड्याकडून ते दार करून घेतले. गृहस्थ फार किडकिडीत होते. जरा खातेपिते असते तर पुढच्या कितीतरी पिढ्यांचे तारण सोपे झाले असते. तेव्हापासून रीत अशी, की जिवंत माणसाने तिरके होऊन, एकेकट्याने, अरुंद दारातून यायचे आणि तसेच जायचे. रुंद दार फक्त शवपेटी बाहेर न्यायला. त्याची कडी आतून आहे, आणि कोणाला पोचवायला निघतानाच ती काढतात. आमच्या लग्नात हिचा झगा अरुंद दारात टरकला होता आणि तू तो उभ्या उभ्या टाचून दिला होतास. रुंद दारातून ही एकदाच गेली. त्यानंतर मी आत पाऊल टाकलेले नाही, हे तुला ठाऊक आहे.

दर रविवारी मी समोरच्या न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर बसतो. लोकांना सांगतो, तिथे सावली बरी असते. गाणी ऐकू येतात. प्रवचन ऐकू येत नाही, हीही एक सोय. काल असाच बसलो होतो, आत गाणे चालू होते, आणि एकदम लक्षात आले की हिचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवतो, मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवतो. पण गाताना ती सुराच्या किंचित खाली राहायची, ते खाली म्हणजे नेमके किती खाली, ते हरवले. ताई, जीव कासावीस झाला. वाटले, तिच्या जागी जाऊन बसलो तर सापडेल. आणखीही एक वाटले, ते तुलाच सांगतो. ही गेली तिथे मला जायचे आहे. दुसरीकडे कुठे मला करमायचे नाही. पण तिथली वाट ज्याच्या घरातून जाते, त्याच्याशी माझे बोलणे बंद आहे.

तरी उठलो. रस्ता ओलांडला, तिरका झालो आणि उजवा खांदा आत घातला. उजवा पाय गेला. पोटाने आणि पाठीने मात्र एकाच वेळी चौकटीच्या दोन्ही बाजू गाठल्या. पुढे सरकेना, मागे सरकेना. पाळकसाहेब नेमके कृपेवर बोलत होते, ते थांबले. सगळी मंडळी वळून बघू लागली. काहीतरी करणे भाग होते म्हणून मी मान लववून सलाम केला.

आता मान उजवीकडे वळवली की बाके आणि व्यासपीठ दिसते. डावीकडे वळवली की रस्ता, न्हावी आणि माझा रिकामा बाक. सरळ पाहिले की लाकूड. मुख्य पंच म्हणजे आपले सुतारभाऊ, शाळेत माझ्या शेजारी बसणारे. त्यांनी मायेने उजव्या हाताखाली एक फळी ठोकून दिली, तिच्यावर हे लिहितो आहे. गुडघ्यांमागे टेकायलाही एक दिली. चौकट कापायला मात्र ते तयार नाहीत. त्यांच्या आजोबांनी, वडिलांनी आणि त्यांनी स्वतः ती केसभरही न वाढवता दुरुस्त केली आहे. रुंद दाराचे कोणी सुचवले, तर त्यांनी शांतपणे एवढेच विचारले की शवपेटी कुठे आहे. मंडळी आतच अडकली होती, ती शेवटी खिडकीतून शिडीने उतरली. म्हाताऱ्या बायका जीव मुठीत धरून उतरताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेचे वर्णन कुठल्याच पाठ्यपुस्तकातल्या कवितेत नाही.

कळावे. तू काळजी करू नयेस, पण थोडी केलीस तर बरे वाटेल.

तुझा,
काडी

बुधवार, ता. ११

चि. काडीस,
अ. उ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

पत्र वाचून आधी हसले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले, मग घाबरले. शेजारीण बसली होती. तिला मी एवढेच म्हटले की माझा भाऊ देवाच्या दारात आहे, तर ती बिचारी डोळ्यांना पदर लावून बसली. तिला खरे काय ते समजावताना माझ्या नाकी नऊ आले. समजल्यावर ती जास्तच रडली, हसून.

तू आत जावेस म्हणून मी रोज प्रार्थना करत आले. माझी प्रार्थना मोजून अर्धीच ऐकली जाईल असे मला वाटले नव्हते. मागताना नीट सांगायला हवे होते, पूर्ण भाऊ, पोटासकट.

आता मी वॉर्डात आयुष्य घालवलेली बाई म्हणून सांगते ते ऐक. पाठीला सकाळ-संध्याकाळ कोणाकडून तरी चोळून घे, नाहीतर जखमा होतील. एका पायावर फार वेळ भार देऊ नकोस. पातळ सूप आणि पावाचा एक तुकडा, बस. केक कोणी पुढे केला तर डोळे मीट. लहानपणी तू इतका बारीक होतास की वारा सुटला की आई तुझ्या खिशात दगड घालून शाळेत पाठवायची. काडी हे नाव मीच ठेवले. बायको गेली की माणसे वाळतात, मी पाहिली आहेत; तू एकटाच फुगलास. दुःख सगळे पोटातच ठेवायचे असते असे तुला कोणी शिकवले?

एक विचारते, आणि नर्स होते म्हणून विचारते. तू तिथे चोवीस तास उभा, तर बाकीच्या गोष्टींचे काय?

सुतारभाऊंना माझा सलाम सांग, आणि करवत गंजली का तेही विचार. लग्नात माझ्या भावजयीचा झगा त्यांच्याच चौकटीच्या खिळ्याने फाटला होता, तेव्हा त्यांनी खिळ्याची बाजू घेतली होती. तो माणूस बदलायचा नाही.

आणि एवढे लांबलचक पत्र लिहिलेस, त्यात मुख्य तेच नाही. तुला सोडवायचे म्हणजे कुठल्या बाजूने? आत की बाहेर? तुझ्या पत्रात न्हावी आहे, लाकूड आहे, कविता आहेत, हे नाही. मला सरळ लिही. माझे गुडघे धड असते तर मीच येऊन तुला एका बाजूला ढकलले असते. कुठल्या, ते तुला ठाऊक आहे.

बाकी सर्व क्षेम. राग आला तर येऊ दे, उत्तर मात्र लवकर येऊ दे.

तुझी,
ताई

शुक्रवार, ता. १३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नाजूक प्रश्नाची सोय सुतारभाऊंनी दोन पडदे आणि एक बादली यांच्या साहाय्याने केली आहे. एक पडदा आतून, एक रस्त्याच्या बाजूने. उपासनेच्या वेळी पडदे ओढायचे नाहीत असा पंचांनी नियमही केला. याहून अधिक विचारू नये.

सूप आणि पाव हे तुझे फर्मान मी सर्वांना वाचून दाखवले. मंडळीच्या बायकांना ते पटले, म्हणून त्या आता उजव्या हातात सूप देतात आणि सूप फार पातळ झाले म्हणून सोबत बिस्किटे देतात. डाव्या बाजूने न्हावी चहा पाजतो. दोन्ही बाजूंना एकमेकांचे दिसत नसल्यामुळे प्रत्येकाला मी उपाशी आहे असे वाटते. पोट जिथल्या तिथे आहे.

न्हाव्याची एक गंमत सांगतो. तो देव मानत नाही, आणि न मानण्याच्या बाबतीत फार कडक आहे. काल त्याने माझा डावा गाल सुरेख करून दिला. उजवा आत असल्यामुळे तिकडे येणार नाही म्हणाला. एकदा आत गेलो तर लोक काय म्हणतील. सुतारभाऊंनी उजवा गाल आपण करतो म्हणून सांगितले, पण त्यांच्याकडे हत्यार म्हणून रंधाच आहे. मी नको म्हटले. त्यामुळे सध्या रस्त्यावरून मी तरणाबांड दिसतो आणि चर्चमधून जुन्या काळचा संदेष्टा.

काल अग्निशामक दलाची गाडी येऊन गेली. त्यांच्या प्रमुखाने चौकटीवर टकटक केले, माझ्या पोटावर टकटक केले, दोन्ही आवाज ताडून पाहिले आणि म्हणाला की काम सोपे आहे, जोर दोन्हीकडे सारखाच लागेल, कुठे काढायचे तेवढे गिऱ्हाइकाने सांगावे. आतून मंडळी ओरडली, आत! बाहेरून न्हावी आणि चार वाटसरू ओरडले, बाहेर, मास्तरांना हवा लागू द्या! मी म्हटले, विचार करून सांगतो. प्रमुख म्हणाला की आग थांबत नसते. मी आग नाही, हे मी त्याच्या निदर्शनास आणले. तो दोर ठेवून गेला.

परवाच्या रविवारी प्रभुभोजन आहे. विश्वासणाऱ्यांनाच मिळणारी ती भाकरी मला द्यायची की नाही यावर माझ्या कानाशीच पंचांची बैठक झाली. एक म्हणाला, उजवा हात आत आहे, हातात द्या. दुसरा म्हणाला, खातो तोंडाने, आणि तोंड उंबरठ्यावर आहे. पाळकसाहेबांनी मला हळूच विचारले की माझा विश्वास आहे का. मी खरे ते सांगितले. उजव्या बाजूची तयारी आहे, डावी त्याच्याशी बोलत नाही. त्यावर सुतारभाऊ म्हणाले की मग अर्धा तुकडा द्यावा. ते गंभीर होते.

तिसरीच्या पुस्तकात मी एक कविता शिकवायचो:

उंबऱ्यापाशी थबके वारा,
आत न येई, दूर न जाई...

पुढचे आठवत नाही. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, बाकांवर ऊन पडलेले असायचे, खडूची धूळ त्या उन्हात तरंगायची. मला वाटे, जन्म असाच जावा. ही डबा घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि मुलांबरोबर ओठ हलवायची.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर टाळतो आहे असे म्हणशील. टाळत होतो. ऐक तर मग. आत ओढून नेले, हिच्या जागी बसवले, तर तो समोर असणार. एवढ्या मंडळींदेखत मला त्याच्याशी गोडच बोलावे लागेल. ती म्हणायची, मास्तर, खोटे बोलताना तुमचे कान हलतात. खोटे बोलून आत गेलो तर ती मला भेटायची नाही. ती तिथूनच कान बघेल. आणि बाहेर गेलो तर भेटायचीच नाही. माझे अडकणे पोटामुळे आहे असे अग्निशामक दलाला वाटते. त्यांना वाटू दे.

कळावे. तुझ्या गुडघ्यांना विचारल्याचे सांगणे.

तुझा,
काडी

सोमवार, ता. १६

आदरणीय ताई यांना,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मी येथील मंडळीचा पाळक. आपली माझी गाठ नाही, परंतु आपले बंधू मला तिसरीत शिकवायला होते, म्हणून धिटाईने लिहितो. मास्तर जी कविता विसरले आहेत ती मलाही पुढे आठवत नाही, आणि त्यांनी मला त्याबद्दल काल दारातूनच कोपऱ्यात उभे राहायला सांगितले. मी उभा राहिलो. सवय जात नाही.

ताई, मी अगदी हतबल झालो आहे. कालच्या पंचांच्या बैठकीत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, दोराने ओढावे. दुसरा म्हणतो, तारण कृपेने होते, दोराने नव्हे. आपण ओढून आणले तर ते आपले कर्तृत्व ठरेल, मास्तरांचा विश्वास नव्हे. पहिला पक्ष म्हणाला, मग त्यांनी स्वतः जोर लावावा. दुसरा म्हणाला, मग ते त्यांचे कर्तृत्व ठरेल. शेवटी तेल लावण्यावर एकमत झाले, प्रार्थना करून लावावे या अटीवर. लावले. आता मास्तर चकाकतात, पण आहेत तिथेच आहेत.

आम्ही खिडकीतून ये-जा करतो. चाकांच्या खुर्चीतल्या आजींना एरवी खुर्ची मिटून, तिरके धरून आत आणत असू. आता अग्निशामक दलाच्या दोराने खुर्चीसकट खिडकीतून घेतो. त्या वर हवेत असताना डोळे मिटून गाणे म्हणतात. दाराने न येता दुसरीकडून चढून येणाऱ्यांना शास्त्रात चोर व लुटारू म्हटले आहे, हे आपणास ठाऊक आहे. काल ज्यांच्यापुढे मी प्रवचन केले ते सगळेच्या सगळे तसे आलेले होते, आणि मीही. तो उतारा मी वगळला.

मी सुतारभाऊंना एकांतात विनवले. त्यांचे म्हणणे, दार मोठे करायचे आपल्या हाती असते तर मूळपुरुषांनी केले नसते का. मी त्यांना कठोर समजत होतो. पण बोलताना त्यांचे डोळे भरले. म्हणाले, आयुष्यभर मी या दारातून जाता यावे म्हणून मोजून खाल्ले. ते जर वाया असेल तर मला आत्ताच सांगा.

आणि प्रभुभोजनाचे. भाकरी घेऊन मी मास्तरांकडे गेलो, अख्खा तुकडा घेऊन, पंचांना न विचारता. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, पुष्कळ वेळ पाहिला आणि मला परत दिला. म्हणाले, अजून नको, आमचे भांडण मिटायचे आहे.

आपण त्यांना लहानपणापासून ओळखता. काय करावे ते कळवावे. आपले उत्तर येईपर्यंत मी दोराला कोणाला हात लावू देणार नाही.

आपल्या प्रार्थनेत ज्याला जागा हवी आहे असा,
पाळक

बुधवार, ता. १८

पाळकसाहेबांस,
प्रभूमध्ये सलाम व आशीर्वाद.

तुम्ही माझ्या भावाचे विद्यार्थी, म्हणजे माझे भाचेच, तेव्हा स्पष्ट लिहिते.

आधी ती कविता. पुढच्या ओळीत तो वारा शेवटी आत येतो आणि दिवा विझवतो. मुले रडायची म्हणून पुस्तकातून काढून टाकली. काडीला शेवट वाईट असलेले काही लक्षात राहत नाही. त्याच्या स्मरणशक्तीत दोष नाही, स्वभाव आहे.

आता काय करायचे ते. तेल पुसा, दोर परत करा. तुम्ही सगळे मिळून त्या माणसाला आत घ्यायला बघता आहात, आणि त्याला तुमच्यासमोर आत येता येत नाही. माझा भाऊ चारचौघांत कधीही भांडलेला नाही. वडील रागावले की हा मान खाली घालून कविता म्हणायचा. लग्न ठरवताना मुलीकडचे वाटेल ते बोलले, तर हा त्यांना साखर कमी आहे का म्हणून विचारत होता. भावजयीच्या अंत्यविधीला तुमच्या आधीचे पाळक म्हणाले की देवाच्या इच्छेपुढे इलाज नाही, तर ह्याने त्यांचे आभार मानले. मी शेजारी उभी होते. ते सगळे त्याने गिळले. तुम्ही ज्याला पोट म्हणता, ते मी चांगले ओळखते.

त्याचे भांडण ज्याच्याशी आहे त्याच्याबरोबर त्याला एकटे सोडा. येत्या रविवारी कोणी आत जाऊ नका. तुम्हीही नाही. बाहेर रस्त्यावर बसा, मोठमोठ्याने गा, म्हणजे आत काय चालले आहे ते कोणाला ऐकू येणार नाही. रस्त्याकडचा पडदा ओढून घ्या. बादली आधी उचला.

देवाला एखाद्याने चार शब्द सुनावले तर काय होईल अशी भीती वाटत असेल, तर ती माझ्यावर सोडा. मी वॉर्डात मरणाऱ्यांजवळ बसले आहे. त्यांनी देवाला जे ऐकवले ते मी ऐकले आहे, त्यापुढे काडीचे काही नसणार. आणि त्यातले पुष्कळजण नंतर शांत झोपले.

याला काडीने नकार दिला तर सांगा, ताईने सांगितले आहे. एवढे पुरते.

गुडघ्यांनी अडकलेली पण मनाने तिथेच असलेली,
तुमची ताई

सोमवार, ता. २३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेबलावर बसून लिहितो आहे. खुर्चीवर. दोन्ही कोपर एकाच खोलीत.

काल सकाळी मंडळी आली ती खिडकीकडे गेलीच नाही. रस्त्यावर सतरंज्या टाकल्या, न्हाव्याने दुकानातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढून दिल्या. आरशासमोरच्या फिरत्या खुर्चीत पाळकसाहेबांना बसवले. सुतारभाऊ तेवढे उभे होते. त्यांचे म्हणणे, रस्त्यावरची उपासना ही उपासना नव्हे. पाळकसाहेब आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवून म्हणाले की आज हीच. मग ते माझ्याजवळ आले, ताईने सांगितले आहे एवढेच बोलले, आणि पडदा ओढून घेतला. पलीकडे गाणे सुरू झाले. इतक्या जोरात की चौकट थरथरत होती.

मी मान उजवीकडे वळवली. आत कोणी नव्हते. रिकामी बाके, त्यांवर तिरपे ऊन, उन्हात धूळ. वाटले वर्ग सुटला आहे आणि मी मागे राहिलो आहे. मागे राहिलेला आणखी एकजण होता. तो मला दिसत नव्हता, पण होता. इतकी वर्षे मीच त्याला ओळख दाखवली नव्हती.

सुरुवात अगदी सभ्यपणे केली. विचारले, की तुला वेळ आहे का. मग म्हटले, ती तुझ्या या फरश्या गुडघ्यांवर बसून पुसायची, आठवते का. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी तुला मदतीला बोलावले, तू आला नाहीस, निरोपही पाठवला नाहीस. मग म्हटले, तिने माझा स्वेटर विणायला घेतला होता, एकच बाही राहिली होती. एका बाहीला असे किती दिवस लागतात? तेवढे तुला थांबता आले नसते? एका बाहीचा स्वेटर घेऊन मी काय करू? आणि ताई, मग मला धरवेना. मी ओरडलो. वर्गातल्या कुठल्याही मुलावर कधी ओरडलो नाही तसा. त्याला लबाड म्हटले, आणखीही बरेच म्हटले, ते लिहीत नाही. श्वास घ्यायलाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा गोड बोललो असतो. सगळे बोलून संपले तेव्हा आत हवा उरली नव्हती, पोट उरले नव्हते. चौकटीने मला सोडून दिले, आणि मी पायपुसण्यावर आत पडलो. ओढले कोणी नाही, मी जोरही लावला नाही. हे पंचांच्या दोन्ही पक्षांना कळवावे लागेल.

त्याने उत्तर दिले का विचारशील. नाही दिले. पण ऐकून घेतले. मी वर्गात जन्म काढला. ऐकणारा गप्प बसतो आणि न ऐकणारा गप्प बसतो, यातला फरक मला कळतो.

हिच्या जागी जाऊन बसलो. आवाज सापडला नाही. अजून नाही. पण तो शोधायला आता मी एकटा नाही असे वाटले, आणि पुष्कळ रडलो. कान हलत नव्हते; मी हात लावून पाहिले.

बाहेर पडद्यावर माझी सावली दिसेना म्हणून कोणीतरी पडदा सारला. एकच गलका झाला. मग जो तो रीतीप्रमाणे तिरका होऊन अरुंद दारापाशी रांगेत उभा राहिला. रांगेच्या शेवटी चाकांच्या खुर्चीतल्या आजी. कोणीतरी त्यांची खुर्ची मिटायला घेत होते, आणि त्या आपणहून आखडून लहान होऊन बसल्या होत्या, सामानासारख्या. ते मला बघवले नाही. मी उठलो आणि रुंद दाराची कडी काढली. मला अडवायला आत होते कोण? सगळे पंच रस्त्यावर!

दार करकरत उघडले. दोघांनी सवयीने डोक्यावरच्या टोप्या काढल्या. न्हावी माझ्या मागे वाकून पेटी शोधू लागला. कोणाला काही सुचेना, कारण त्या दारातून माणसे बाहेर येताना सर्वांनी पाहिली होती, आत जाताना कोणीच नाही. पहिल्या आजी आल्या, खुर्चीत ताठ बसून. मग बाकीचे. एवढे ऐसपैस दार, पण बहुतेक सगळे तिरकेच आले आणि एकमेकांच्या अंगावर आपटले. न्हावी उंबरठ्यापर्यंत आला, माझा उजवा गाल पाहिला, असह्य होऊन आत शिरला आणि मला बाकावर बसवून अर्धी दाढी पुरी केली. त्यानंतर लगेच बाहेर गेला. तो म्हणतो, हे मोजायचे नाही.

सुतारभाऊ तेवढे आले नाहीत. हाताची घडी घालून रस्त्यात उभे. आत गाणे सुरू झाले तरी उभेच. म्हणून मी बाहेर गेलो, ताई, इतक्या दिवसांनी मोकळ्या दाराने, आणि त्यांच्याशेजारी उभा राहिलो, शाळेत बाकावर बसायचो तसा. त्यांनी तिथूनच उघड्या दाराची रुंदी डोळ्यांनी मोजली. मग विचारले, की मी आयुष्यभर अर्धपोटी राहून तिरका होऊन आत गेलो, आणि ही सगळी माणसे अशी सरळ चालत गेली. तर ही खरोखर आत गेली का, आणि मी इतकी वर्षे नेमका कुठे जात होतो? मी म्हटले, मला काय ठाऊक, मी आजच आलो आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. साबण राहिला होता माझ्या कानाशी, तो त्यांनी बोटाने पुसला. मग म्हणाले, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकटे बसवणे बरे दिसत नाही. आणि माझ्याबरोबर आत आले.

कळावे. तुझ्या गुडघ्यांना चढावे लागेल अशी पायरी या दाराला नाही, हे मी पाहून ठेवले आहे. येण्याचे मनावर घ्यावेस. तुझ्या रागावण्यावर जगत आलेल्या या भावावर आहे तसेच रागावत राहावेस.

तुझा,
काडी